खुंटीवरचे बाबा

अस्थी घरात आणायच्या नसतात, झाडाला टांगायच्या असतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तेही ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या आमच्या ड्राइव्हवेत, फ्युनरलवाल्यांनी दिलेला खोका हातात घेऊन उभी असताना. आई दारात आडवी उभी राहिली. "आत नाही आणायचं," म्हणाली. मी म्हटलं, "अगं आई, बाबा आहेत ते!" "म्हणूनच," ती म्हणाली.

बाबा इथला उन्हाळा काढायला आले होते आणि इथंच गेले. सकाळचा चहा झाला, टॅबवर पुण्याचा पेपर वाचून झाला आणि बसल्या जागी मान टाकली. मी स्वतः फार्मसिस्ट. न्यू लिनच्या दुकानात दिवसभर लोकांना बीपीच्या गोळ्या समजावून सांगते, आणि माझ्याच स्वयंपाकघरात हे असं. त्यावर मला अजून बोलता येत नाही, तेव्हा ते राहू दे.

खोका उघडला तर आत करडी पिठी. इथं जाळून झाल्यावर हाडं दळून देतात. आई बघतच राहिली. "ह्यात अस्थी कुठायत? ही तर रांगोळी दिसतेय," म्हणाली आणि मग इतकी रडली की माझी लेक अभ्यास सोडून बाहेर आली. रडणं संपल्यावर आईनं आपल्या बॅगेतून साडीच्या दुकानात मिळालेली एक लाल कापडी पिशवी काढली, पिठीची पुडी त्यात ठेवली, तोंड घट्ट बांधलं आणि मागच्या अंगणातल्या लिंबाला टांगली. मग पाऊस लागला. ऑकलंडमध्ये तो कधी लागत नाही? शेवटी तडजोड म्हणून पिशवी गॅरेजमध्ये खुंटीवर आली, नवऱ्याच्या सायकलशेजारी. बाबांना सायकलची आवड होती वगैरे काही नाही. खुंटी तिथं होती, एवढंच.

आमच्या घरापासून खाली उतरलं की मानुकाऊची खाडी लागते. म्हटलं, जवळ आहे, उरकून टाकू. गेलो तर ओहोटी. जिथंवर नजर जाईल तिथंवर काळा चिखल, आणि त्यात चोची खुपसणारे पक्षी. भरतीच्या वेळी पुन्हा गेलो, तर पाणी गढूळ आणि घोट्याएवढं. आईनं पदर खोचला होता, तो सोडला. "जन्मभर कडक इस्त्रीचा शर्ट घातला त्या माणसानं. त्यांना ह्या चिखलात सोडू? नाही जमायचं." पुण्याचे गुरुजी व्हिडिओवरून म्हणत होते, वाहतं पाणी पाहा, समुद्र पाहा, आता आणखी लांबवू नका. मी म्हटलं, मी पुण्याला घेऊन जाते, आळंदीला सोडून येते. आईच्या हृदयाची झडप अशी झालीय की डॉक्टर तिला विमानात बसू देत नाहीत. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना पाठवशील आणि मला इथं ठेवशील?" झालं. तो विषय तिथंच संपला.

तर तिला हवा होता खरा समुद्र. लाटांचा, खोल, नेलेलं परत आणून न टाकणारा. आणि गुडघे असे की वाळूच्या टेकड्या चढायला नकोत, गाडी पाण्यापर्यंत जायला हवी. बाकी तिचं काही मागणं नव्हतं. ह्यांना एकदा मोकळं करू दे, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे, असं रोज चहाच्या वेळी म्हणायची. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. 

दुकानातली एक बाई म्हणाली, उत्तरेला एक माओरी बाई मिनीबसनं दिवसभराची टूर करते. किनाऱ्यावरची त्यांची गावं दाखवते, मराएवर, म्हणजे त्यांच्या गावच्या सभास्थानी जेवू घालते, आणि शेवटी तासभर बीचवर सोडते. गाडी थेट वाळूपर्यंत जाते. मी लगेच ठरवलं. बाकीचे टूरिस्ट फोटो काढत असतील तेव्हा आपण बाजूला जायचं, दोन मिनिटांत काम उरकायचं आणि गुपचूप बसमध्ये येऊन बसायचं. मला तेव्हा माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं. काय डोंबलाचं कौतुक!

निघालो तिघी. आई, मी आणि माझी लेक. लेक इथंच जन्मली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये. आजी म्हणाली, "स्वेटर घाल गं," की ही म्हणणार, "आय'म फाइन." शाळेत मात्र माओरी गाणी छान म्हणते. आईच्या मांडीवर लाल पिशवी. गाडीच्या डिकीत ठेव म्हटलं तर अशी काही बघितलीन माझ्याकडे, की पिशवी मांडीवरच राहिली.

गाईड साठीच्या आसपासची होती. आडव्या बांध्याची, पायात जांडल्स, म्हणजे रबरी चपला, थंडीतसुद्धा. "किया ओरा, व्हानाउ," म्हणून तिनं सगळ्यांचं स्वागत केलं. लेकीनं आजीच्या कानात सांगितलं, "इट मीन्स फॅमिली." आई खूश झाली. बाकी टूरिस्ट चार-पाच, सगळे परदेशातले, सगळ्यांकडे मोठाले कॅमेरे.

ती गाडी चालवता चालवता बोलायची. आधी मला वाटलं, ही आता ठरलेले विनोद करणार. केलेही थोडे. पण गावं सुरू झाली तसा तिचा आवाज उतरला. ही शाळा होती, मुलंच नाहीत म्हणून बंद झाली. ही डेअरी, म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान होतं, आता दूधपावासाठी अर्धा तास गाडी हाकावी लागते. ह्या घरातले सगळे ऑस्ट्रेलियात, त्या घरातलेही. तिथं एक म्हातारा आहे, तो मासे धरतो आणि सगळ्यांना वाटतो. ती स्वतः ऑस्ट्रेलियातल्या खाणीत डंपर चालवायची, वडील गेले तेव्हा परत आली आणि राहिली. "मी गेले तर मराएच्या दारात पाहुण्यांना स्वागताची हाक कोण मारणार?" म्हणाली. मी आईला मराठीत सांगत होते. आई म्हणाली, "सगळीकडे मेलं हेच चाललंय."

पहिला मोठा थांबा म्हणजे पांढरं लाकडी चर्च आणि त्यामागं त्यांची दफनभूमी. गेटाशी ती म्हणाली, आत खाणंपिणं न्यायचं नाही, बाहेर पडताना ह्या बाटलीतल्या पाण्यानं हात धुवायचे आणि अंगावर शिंपडायचं. आईला हे इतकं पटलं! "बघ, आपल्यासारखंच. स्मशानातून आल्यावर असं तसं घरात शिरायचं नाही." आणि मग तिच्या लक्षात आलं की पिशवी हातात आहे. दुसऱ्यांच्या स्मशानात आपलं माणूस न्यायचं नाही, असं तिनंच तिथल्या तिथं ठरवलं आणि बाहेरच्या पोहुतुकावाच्या झाडाच्या वाकलेल्या फांदीला पिशवी टांगली. गाईडनं बघितलं. तिला वाटलं, डबा असेल. मान हलवून हसली. बाई नियम पाळतेय म्हणून हसली ती.

आत गेलो आणि मी थबकले. दफनभूमीची समुद्राकडची बाजूच नव्हती. कुंपणाचे खांब हवेत लोंबत होते, तारेच्या आधारानं. खाली वाळूचा उभा कडा आणि त्याच्या पायाशी लाटा. कड्याच्या अगदी काठाशी थडग्यांची एक ओळ होती. गाईड त्यातल्या एका दगडाशी गेली, त्यावरची वाळू तळहातानं पुसली. "माय डॅड," म्हणाली. त्याच्या पुढं आणखी एक ओळ होती, ती आता नाही. जे हाती लागले त्यांना चर्चच्या मागं पुन्हा पुरलं. सगळे हाती लागले नाहीत. तिनं आणि तिच्या भावांनी ट्रॅक्टरनं दगड आणून टाकले, समुद्रानं नेले. वडिलांना आधीच हलवावं तर घरात एकमत नाही. निम्मे म्हणतात हलवू, निम्मे म्हणतात झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. "वादळ आलं की मी रात्रभर इथं येऊन बसते," म्हणाली. एकानं विचारलं, बसून काय करता? तिनं खांदे उडवले. "बापाला एकटं कसं सोडायचं?"

मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. आई बराच वेळ त्या दगडाकडे बघत राहिली, मग गाईडकडे.  गेटाशी तिनं हात धुतले, डोक्यावर पाणी शिंपडलं, मग फांदीवरची पिशवी काढून छातीशी धरली. लेकीनं न सांगता तिचा दंड धरला.

दुपारी मराएवर जेवण. लांबट लाकडी जेवणघर, आत टेबलं मांडलेली, आणि गाईडच्या दोन म्हाताऱ्या मावश्यांनी पहाटेपासून रांधलेलं अन्न. मासे, शिंपल्या, उकडलेली कुमरा म्हणजे त्यांची रताळी, तळलेला पाव. आम्ही शाकाहारी म्हणून आमच्यासाठी भोपळा वेगळा काढून ठेवला होता, तो कुणी न सांगता. आई दारातच थांबली. अन्नाच्या जागी ही पिशवी न्यायची नाही! तिनं बाहेर पडवीत पाहिलं, एक खिळा दिसला, त्याला टांगली आणि पदराला हात पुसत आत आली. कुमरा खाऊन बघितलीन, "गोड आहे गं," म्हणाली. बाबा गेल्यापासून तिनं पहिल्यांदा काही मागून घेतलं.

तेवढ्यात बाहेर भुरभुर सुरू झाली. गाईड गाडीच्या काचा लावायला गेली होती. परत येताना तिला पडवीत पिशवी भिजताना दिसली. म्हातारीचा डबा भिजतोय, बिचारी विसरली असेल, असं वाटलं असणार तिला. तिनं ती काढली, दंडावर पुसली, आत आणली आणि प्रेमानं आईसमोर टेबलावर ठेवली. पावाच्या टोपलीला टेकून.

"अगं बाई! उचल ते! जेवणावर नको!" आई अशी किंचाळली की एका टूरिस्टच्या हातातला काटा पडला. गाईडला काहीच कळेना. मला इंग्लिश सुचेना. वीस वर्षं इथं काढली, पण त्या क्षणी एक शब्द येईना. लेक उठून उभी राहिली आणि म्हणाली, "दॅट्स माय ग्रँडफादर. हिज ॲशेस."

गाईडचे दोन्ही हात हवेतच राहिले. मावश्यांपैकी मोठी हळूहळू उठली. कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं मला. कुणीच ओरडलं नाही. म्हातारीनं पुटपुटत प्रार्थना सुरू केली, धाकटीनं पाण्याचं भांडं आणलं, टेबलावर, आमच्यावर, दारावर पाणी शिंपडलं. मग त्या टेबलावरचं सगळं अन्न, आईनं चाखलेल्या कुमरासकट, ताटांतून उचलून बाहेर नेलं. खड्डा करून पुरतात ते. पहाटेपासूनचं रांधप होतं ते! मी मदत करायला पुढं झाले तर धाकटीनं नुसता हात दाखवून थांबवलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. आणि मजा म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. आईनं अन्नाच्या जागी नेऊ नये म्हणून बाहेर टांगली, त्या बाईनं माया करून आत आणली. दोघींचा नियम एकच, आणि तोच नेमका मोडला.

बाहेर नळावर आई आणि गाईड दोघी हात धूत होत्या, खसाखसा, एकमेकींशेजारी. पिशवी आता माझ्या हातात. गाईडनं मला विचारलं, "कुठं नेताय त्यांना?" मी खोटं बोलणार होते. आईला प्रश्न कळला असावा. तिनं ओला हात समुद्राकडे केला.

गाईडनं डोळे मिटले. मग मला शांतपणे सांगितलं. ह्या पाण्यातलं आम्ही खातो. पिपी म्हणजे आपल्या तिसऱ्या, त्या त्याच वाळूत. आत्ता टेबलावर होत्या त्यासुद्धा तिथल्याच. माणूस त्यात सोडलं तर मला ते पाणी बंद करावं लागेल. म्हाताऱ्यांना मासे कुठून आणू?

मी आईला सांगितलं. आईनं हात जोडले. माझी आई, जिनं बँकेच्या मॅनेजरपुढंसुद्धा कधी आवाज खाली केला नाही, ती त्या नळाशी हात जोडून म्हणाली, "तिला सांग, मूठभरच. बाकीचे मी घरी नेते. एक मूठ तर लागू दे पाण्याला." मी सांगितलं.  गाईड रडत होती, पण मान नकारार्थीच हलत होती. "माझे वडील त्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून मी रात्री जागते," म्हणाली, "आणि तुझी आई मला म्हणतेय, माझ्या माणसाला तिथं घे. कसं घेऊ?" ती वाकली, त्यांच्या रीतीनं आईच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. आई दचकली, मग तशीच उभी राहिली.

टूर म्हणजे टूर. ठरल्याप्रमाणे ती आम्हाला बीचवर घेऊन गेली. काय सुंदर होता मेला तो समुद्र! निळा, खोल, लाटा थेट गाडीच्या चाकांपर्यंत. अगदी आईला हवा तसा. बाकीचे उतरले, गाईड त्यांना घेऊन लांब खडकांपर्यंत गेली. आमच्याकडे पाठ करून. मला अजून वाटतं, ती पाठ तिनं मुद्दाम केली होती.

मी म्हटलं, "आई, चल. कोण बघतंय? दोन मिनिटांचं काम." पिशवी उचललीसुद्धा. आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली. "तिचा बाप वर काठावर पडलाय, तो बघतोय," म्हणाली. "मी त्यांच्या ताटात ह्यांना कालवू? नाही गं. हे असे कुणाच्या घरात न विचारता घुसणारे नव्हते." आणि बसमध्येच बसून राहिली, मांडीवर पिशवी, काचेतून समुद्र बघत. मला इतका राग आला! तिचा, त्या बाईचा, बाबांचा, ह्या देशाचा, माझाही. मी उतरले, पाण्यापर्यंत गेले आणि एक मोठा दगड उचलून पाण्यात फेकला. लेक लांबून बघत होती.

घरी आल्यावर पिशवी पुन्हा खुंटीवर गेली. मी हरले नव्हते अजून. इथं विचार, तिथं विचार, हा किनारा दाखव, ती नदी दाखव. पण त्या दिवसानंतर आईला एक नवीनच खोड लागली. कुठलंही पाणी दाखवलं की ती विचारायची, "ह्यातलं कोण खातं?" आणि कुणीतरी खायचंच. कुणी गळ टाकून बसलेलं असायचं, कुणी बादली घेऊन शिंपल्या वेचत असायचं. "मग नको," म्हणायची आणि गाडीत जाऊन बसायची. हळूहळू मी पाणी दाखवायचं सोडलं आणि तिनं 'ह्यांना मोकळं करू दे' म्हणायचं.

हिवाळ्यात उत्तरेकडे मोठं वादळ झालं. संध्याकाळच्या बातम्या लावल्या होत्या. हेलिकॉप्टरमधून किनारा दाखवत होते आणि मला ते पांढरं चर्च दिसलं. चर्चच्या मागं सरळ समुद्र. कुंपण नाही, खांब नाहीत, ओळ नाही. मग पावसाळी कोट घातलेली ती दिसली. तीच. केस चेहऱ्याला चिकटलेले, आवाज बसलेला. रात्रभर तिथंच होते, म्हणत होती, टॉर्च घेऊन, दोरी घेऊन. काही करता आलं नाही.

आई सरसावून बसली. "आपलीच ना गं ती? काय म्हणतेय?" मला खोटं सांगायचं होतं. म्हणणार होते, वादळाबद्दल बोलतेय, बाकी काही नाही. पण लेक पलीकडून चक्क मराठीत म्हणाली, "आजी, तिचे बाबा समुद्रात गेले."

 बातम्या पुढं सरकल्या, क्रिकेट सुरू झालं. मग आई गुडघ्यांवर हात ठेवून उठली, बाथरूममध्ये गेली आणि पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आली ती डोक्यावरून आंघोळ करून, ओले केस तसेच, सुतकाची बातमी आल्यावर करतात तशी.

"अगं, एवढ्या थंडीत? कुणासाठी?" मी म्हटलं.

"तिच्या वडिलांसाठी. एवढ्या लांबून आपण आणखी काय करणार?" आई म्हणाली. "तिला नको होतं, पण सुटले ते."

ती टॉवेलनं केस पुसत खिडकीशी गेली. बाहेर पाऊस आडवा मारत होता. मी वाट बघत होते की आता ती बाबांबद्दल काही म्हणेल, रडेल, माझ्यावर ओरडेल, काहीतरी. ती खिडकीच्या काचेला हात लावून म्हणाली, "गॅरेजचं दार नीट लाव जा. भिजतील ते."